व्याह्यांचा नंबर

लेकीच्या, राधिकाच्या लग्नासाठी पांडुरंगने बँकेतून कर्ज काढलं, तेव्हा त्याच्याकडे तारण मागितलं नव्हतं, जामीनही नाही. फक्त दोन ओळखीच्या माणसांची नावं आणि फोन नंबर हवे होते. एक नाव त्याने, तो कामाला होता त्या उरल्याच्या मिलमधल्या शामरावांचं दिलं. दुसरं लिहिताना त्याची छाती फुगली. दुर्गचे नरहरराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि लवकरच त्याचे व्याही होणारे. असा वजनदार माणूस आपल्या ओळखीत आहे हे बँकेलाही कळू दे, असं त्याला वाटलं. ज्यांच्यापुढे थाट करायला कर्ज काढायचं, त्यांचाच नंबर कर्जाच्या कागदावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढे मिल बंद पडली. पांडुरंग बीरगावच्या एका किराणा गोदामात अर्ध्या पगारावर माल मोजायला लागला आणि हप्ते थकले. बँकेचे फोन सकाळी यायचे, जेवताना यायचे. राधिका बाळंतपणाला माहेरी आलेली, म्हणून तो फोन घेऊन गल्लीत जायचा आणि खालमानेने ‘हव, हव’ करत उभा राहायचा. रात्री झोप लागायची, पण सकाळी उठल्यावर अंगातला थकवा तसाच असायचा.

मार्च लागला तसं बँकेतल्या वसुलीच्या शर्मिष्ठा मॅडमनी त्याला बोलावून हिंदीत नीट समजावलं. महिना संपला की त्याचं खातं बुडीत धरून बँकेच्या पुस्तकातून काढणार. म्हणजे माफ नव्हे. मग ते वसुलीच्या एजन्सीकडे जाईल. आता एकरकमी भरलं तर निम्म्याहून कमीत तडजोड होईल, फक्त पुढे कैक वर्षं कोणतीच बँक दारात उभी करणार नाही. त्याची त्याला फिकीर नव्हती. त्याने एकच विचारलं, एजन्सीवाले काय करतात? मॅडम म्हणाल्या, घरी येतात, आणि फॉर्मवरच्या ओळखीच्यांनाही फोन लावतात.

नरहररावांना फोन गेला तर उद्या राधिकाला त्या घरात मान वर करून बोलता येईल का? झाकली मूठ सव्वा लाखाची, ती आता उघडणार होती. घरी येऊन त्याने बायकोला, मंदाकिनीला सगळं सांगितलं. तिने भांडण काढलं नाही, रडली नाही. पिठाचे हात धुतले आणि हातातल्या पाटल्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. त्याला ते भांडणाहून जड गेलं. दोघं सदर बाजारात जाऊन पाटल्या विकून आले, येताना गोल बाजारातून तिने काचेच्या बांगड्या घेतल्या. राधिकाला सांगितलं, पाटल्या उजळायला दिल्या आहेत. महिना संपायच्या आत पैसे भरले, तडजोडीचं पत्र हातात आलं, फोन थांबले.

एप्रिलात दोघं लेकीला आणि नातवाला दुर्गला पोचवायला गेले. मूल झाल्याशिवाय लेकीच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, हा नेम पांडुरंगने पाळला होता. आज तो पहिल्यांदाच तिथे पाटावर बसला. कितीतरी महिन्यांनी त्याला जेवणाची चव लागली. जेवण झाल्यावर नरहरराव त्याला ओट्यावर घेऊन गेले, सुपारी कातरत बसले.

“मले दिवाळीपासून फोन येऊन राहिले होते, इवाईबुवा,” ते हळूच म्हणाले. “तुमच्या बँकेचे. मी म्हणत जाओ, माणूस सच्चा आहे, बुडवणार नाही. घरात कोणाले बोललो नाही. राधिकालेही नाही.”

पांडुरंगने हातातली सुपारी पुन्हा तबकात ठेवली.

“मंग मार्चात फोन बंद झाले. मनात म्हटलं, चला, सुटले. आज ईनबाईचे हात पाहिले, पाटल्या नाहीत.” त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “एक डाव मले सांगून पाहाचं होतं ना.”

पांडुरंगला त्यांच्या गप्प राहण्याचा राग आला, मग त्या रागाचीच लाज वाटली.

परतीच्या गाडीत मंदाकिनीने विचारलं, ओट्यावर काय बोलणं चाललं होतं? लपवायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. “त्याहिले दिवाळीपासूनच माहीत होतं,” तो म्हणाला.

भिलाईची धुराडी मागे पडली, कुम्हारी स्टेशन आलं. तिथे ती म्हणाली, “तरी आपल्या पोरीले त्या घरात कोणी एक शब्द बोललं नाही.”

“नाही.”

“मंग आपण कोणापासून लपवून राहिलो होतो?”

तिने काचेच्या बांगड्या मनगटावर मागे सारल्या आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटले.