नीतूच्या उत्तराला लागणारा वेळ

मुर्री गावच्या सुशीलाबाईंच्या मनाने घेतलं होतं, की नीतू आता आपल्याशी बोलायला कंटाळते. लेक नवऱ्यासोबत बंगळुरूला. व्हिडिओ कॉलवर ‘जेवलीस का’ विचारलं, तरी ती आधी नुसती बघत राहायची. तोवर सुशीलाबाई पुढचं विचारून बसायच्या, दोघींचे शब्द एकमेकींवर आदळायचे, आणि बोलणं आटोपायचं.

इंटरनेटवाल्यांकडची अल्का राउटर तपासायला आली, तेव्हा त्या म्हणाल्या, “मशीन बराबर आहे बाई. पोरगीच दूर जाऊन राहिली.”

अल्काने लॅपटॉप उघडला. एक बारीकसा संदेश पाठवून तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजलं. मग घरामागच्या धानाच्या गोदामावरचा, त्याच राउटरला जोडलेला कॅमेरा बंद करून पुन्हा मोजलं. आकडा धाडकन खाली आला.

“काकू, तुमचं बोलणं लहान लहान तुकडे होऊन जाते. इथं राउटरमधी त्यायची लाइन लागते. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सारखं जाऊन राहिलं, तुमचे शब्द त्याच्या मागं उभे. ताईले सवालच उशिरा पोहोचते.”

“मंग ती?”

“ती लगेच बोलते. तुमाले वाटते चूप बसली.”

अल्काने कॉलचे तुकडे आधी जातील अशी सोय करून दिली. सुशीलाबाईंनी तिला चहा दिला, आणि कप उचलताना पुन्हा विचारलं, “लगेच बोलते ना?”

“लगेच, काकू.”

संध्याकाळी नीतूचा फोन आला. प्रश्न संपायच्या आत उत्तर येत होतं. कितीतरी दिवसांनी दोघी एकाच वेळी हसल्या.

“जावई कसे आहेत?” सुशीलाबाईंनी विचारलं.

नीतू गप्प झाली. ही राउटरमधली लाइन नव्हती, हे सुशीलाबाईंना आता कळत होतं. एरवी त्यांनी विषय बदलला असता. आज त्या तशाच थांबल्या.

“माय, मी वेगळी राहते,” नीतू अखेर म्हणाली. “दिवाळीपासून. तुले सांगाची हिंमत होत नव्हती.”

सुशीलाबाईंनी फोन चेहऱ्याजवळ आणला.

“जेवतेस काय बराबर?”

नीतूने मान हलवली, नाही म्हणून, आणि रडू लागली. त्यांनी तिला रडू दिलं.

“तुया भावाले, योगराजले, तिकीट काढाले सांगतो. मी येतो तुयाजवळ.”

“भाऊ रागावंल.”

“रागावू दे.”

नीतूने नाक पुसलं. “येताना लाखोळीची डाळ आणशील?”

“आणतो ना,” म्हणत सुशीलाबाई फोन चालूच ठेवून डबा शोधायला उठल्या.