गळ्यातला मणी

दोन हजार सहा साली बेलवलीच्या शिवरामांना घशाचा कॅन्सर झाला. रेडिएशनचे निम्मे शेक झाले आणि घसा असा सोलवटला, की "आता जाणार नाही," म्हणून ते अडून बसले. मध्येच सोडलं तर गाठ वाढेल, या धास्तीने त्यांच्या पत्नी अंजनाबाईंचा जीव टांगणीला लागला.

सोन्याचे अतिसूक्ष्म कण गाठीत सोडले तर शेकाचा जोर वाढतो, असं विज्ञान शिकणारी नात अस्मिता बोलून गेली होती. अंजनाबाईंनी गळ्यातला सोन्याचा मणी बाळगुटीसारखा सहाणेवर उगाळला आणि मधातून चमचा पुढे केला.

"आजी, असं चाटून ते गाठीत जात नाही गं! अजून ते प्रयोग उंदरांवरच चाललेत."

"मग हे काय, उंदरांपेक्षा धीट आहेत?"

शिवराम खुदकन हसले आणि त्यांनी चमचा चाटला. "गळ्यातलं झिजवलंस बये. आता शेक बुडवून कसं चालेल? चपला कुठं आहेत माझ्या?"