चार नंबरची बराक

सुरमी काळे आली त्या दिवसापासून बायकांच्या तुरुंगातली चार नंबरची बराक लांब व्हायला लागली. कुणी आपली वळकटी तिच्यापासून जराशी सरकवली, की बराक हातभर वाढायची. सुरमीची जागा शेवटी, संडासाला लागून; पारधीण म्हटल्यावर तिथंच. गावात चोरी झाली, नवरा पालावर सापडला नाही, म्हणून पोलिसांनी बायकोला उचललं होतं. अकरा महिन्यांत दार इतकं लांब गेलं, की आजची भाकर तिच्यापर्यंत उद्या पोचायची.

त्या एकादशीला तिची लेक बिजली सहा वर्षांची झाली. सहा पुरी झाली की लेकरू तुरुंगात आईजवळ ठेवत नाहीत. सुरमीची बहीण अंबरी तिला न्यायला दाराशी येऊन बसली होती. सुरमीनं बाराच्या आत दार गाठून कागदावर अंगठा दिला तर पोर मावशीकडे, नाहीतर सरकारी वसतिगृहात.

सुरमी पहाटेच बिजलीला कडेवर घेऊन निघाली. अकरा वाजले तरी दार तांदळाच्या दाण्याएवढंच दिसत होतं. वाटेत द्वारकामावशीचं कीर्तन रंगलं होतं. जन्मठेपेची कैदी, पण काय तो गळा! तिनं चरण घेतला की जाळीतल्या चिमण्यासुद्धा ओळीनं बसून मागे म्हणायच्या.

"काय गं, कीर्तनातून अशीच चाललीस?" मावशीनं हटकलं.

"दार गाठायचंय, मावशे. पोर जातीया माझी."

"मग भेट तरी घेऊन जा. भेटीवाचून कीर्तन सुटतं होय?"

कीर्तन संपलं की शेजारी जो असेल त्याच्या पाया पडायचं, त्याला उराशी धरायचं. कोण, कुठला, हे विचारायचं नाही. मावशीनं वाकून सुरमीच्या पायांना हात लावला आणि तिला मिठी मारली. बराक हातभर आखडली.

सगळ्यांना ते जाणवलं.

"मी हिला माठाला शिवू दिलं नव्हतं," देशमुखांची इंदुमती पुटपुटली.

"मोठी आलीस माठवाली!" फटकळ हौसा म्हणाली. "सात वर्षांत नवरा एकदा तरी भेटायला आला का तुझा? ऊठ!"

इंदुमतीला हसू आणि रडू एकदमच आलं. ती उठली. तिच्यामागे हौसा, मग सगळ्या. टाळ नव्हते, टाळ्या होत्या. एकेका मिठीसरशी भिंत हातभर सरकत होती, आणि बाराला पाच कमी असताना दार आपणहून सुरमीच्या नाकापुढे येऊन उभं राहिलं. शिपाईबाईंनी कागद धरला. सुरमीनं अंगठा असा दाबला, की शाई चार कागद खाली उतरली.

"ही पालथी झोपती, उठवू नगंस," ती अंबरीला म्हणाली.

"राणीवानी ठिवीन गं बाय."

बिजली अंबरीच्या कडेवरून टाळ्या पिटत गेली.

भेटी मात्र थांबल्या नाहीत. बराक आखडत आखडत बायकांच्या अंगावर शालीसारखी बसली. उंबरा आणि बाहेरचा रस्ता यांच्यात हातभर अंतर उरलं, आणि त्या हातभर जागेत शिपाईबाई उभ्या होत्या. भेटायच्या राहिलेल्या त्या एकट्याच.

"मागं व्हा सगळ्या," त्या म्हणाल्या.

मागं जागाच नव्हती. सुरमी त्यांच्या पायांशी वाकली.

"अगं थांब, थांब," शिपाईबाई म्हणाल्या, आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागल्या.