सौंसर एक, बाकी शून्य

भगवंतराव साहेबांनी मला शब्द दिला होता, की दसऱ्यापर्यंत एडिटर चालू करा, लगेच कायम करतो. शब्द तोंडी होता आणि तोही जिन्यात उभ्या उभ्या दिलेला. पण आमच्या मॅनेजरनं एखाद्या टेंपररी माणसाला एवढंही दिलेलं मी पाहिलं नव्हतं, म्हणून मी तो गाठीशी बांधून ठेवला.

साल अठ्ठ्याऐंशी. सौंसरच्या आमच्या सूतगिरणीत कॉम्प्युटर येऊन वर्ष होत आलं होतं. मालकांची पांढुर्ण्याला कापसाची जिनिंग आणि सौंसरला गिरणी. दोन्हीकडची बिलं, पगार, पत्रं या एकाच यंत्रावर निघावीत असा त्यांचा बेत होता. यंत्र लोखंडी कपाटाएवढं. त्याची खोली थंड ठेवायची आणि धूळ येऊ द्यायची नाही, म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. तेवढ्यावरूनच अर्ध्या गिरणीनं त्याला देव करून टाकलं. सुताच्या खात्यातल्या बाया जाता-येता दारातून हात जोडायच्या. मला हसू यायचं. ते हसणं पुढं माझ्याच अंगाशी आलं.

मी प्रमिला, रामाकोन्याची. नागपूरच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेतला, मग दोन वर्षं घरी बसून लोकांचे टोमणे ऐकले, तेव्हा कुठं ही ऑपरेटरची नोकरी मिळाली. टेंपररी. माझ्याआधी या खुर्चीवर बसलेल्या दोघांना मुदत संपताच घरी पाठवलं होतं. माझे वडील सुखदेव रेल्वेच्या छोट्या लाइनीवर गँगमन होते, आणि त्याच छोट्या लाइनीच्या गाडीनं मी रोज रामाकोन्याहून सौंसरला यायची.

एडिटर म्हणजे पडद्यावर मजकूर लिहायचा, खोडायचा, सुधारायचा प्रोग्रॅम. यंत्रासोबत जो आला होता तो एका वेळी एकच ओळ दाखवी, तीही मागितली तर. पत्र लिहायचं म्हणजे ओळींचे नंबर आठवत बसायचं. शेवटी मालकांच्या पुण्याला शिकणाऱ्या पुतण्यानं एक टेप पाठवली. तिच्यात चांगल्या एडिटरचा मूळ सोर्स होता, म्हणजे तो ज्या फाइलींत लिहिला होता त्या फाइली. "यात पूर्ण पान दिसतं," असं त्यानं फोनवर भगवंतरावांना सांगितलं. तो आमच्या यंत्रावर बसवायचा कसा, हे मात्र सांगितलं नाही. ते शोधून काढायला मी होतेच.

सोर्सच्या पहिल्याच फाइलीत सिस्टिमांची नावं एकाखाली एक दिली होती. आपली जी असेल तिच्यापुढे एक लिहायचं, बाकी सगळ्यांपुढे शून्य. वर ताकीद होती, की एक फक्त एकाच ठिकाणी. वाचायला किती सोपं! पण आमचं यंत्र विकणाऱ्यांनी कागदावर एका घराण्याचं म्हणून विकलं होतं आणि आतून ते निम्मं दुसऱ्याच घराण्याचं निघालं. पहिल्या घराण्यापुढे एक लिहिलं तर प्रोग्रॅम तयार व्हायचा, पान दिसायचं, पण एंटर दाबेपर्यंत टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायचं नाही. दुसऱ्यापुढे लिहिलं तर यंत्र प्रोग्रॅम बांधायलाच तयार नसे. चिडून दोघांपुढेही एक लिहून पाहिलं, तर त्यानं चुकांचं भेंडोळंच बाहेर काढलं.

भगवंतराव रोज दारात यायचे. खोलीत चपला चालत नाहीत आणि चपला काढायचा त्यांना कंटाळा, म्हणून उंबऱ्यावरूनच विचारायचे, "काय म्हणते तुमचा एडिटर?"

"रुसून बसला, साहेब."

"मनवा त्याले. दसरा जवळ येऊन राहिला."

मनवण्याचा नाद शेवटी मी सोडला. आपलं यंत्र यातलं कोणतंच नाही हे एकदा मान्य केलं, तेव्हा वाट सापडली. नावांच्या खाली मी माझी एक नवी ओळ जोडली. सौंसर. तिच्यापुढे एक, बाकी साऱ्यांपुढे शून्य. मग फाइलीमागून फाइल उघडून, सोर्स जिथं जिथं विचारी की तू अमका आहेस का, तमका आहेस का, तिथं तिथं सौंसर असेल तर काय करायचं ते लिहीत गेले. कीबोर्डची रीत या घराण्याची, पडद्याची त्या घराण्याची. डोळ्यांची पार वाट लागली. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी एडिटर उघडला आणि बोट लावताच अक्षर उमटलं.

सगळ्यांत आधी मी 'जय भीम' असं टाइप केलं. इंग्रजी अक्षरांत, दुसरी होतीच कुठं! मन भरून पाहत होते, तेवढ्यात दाराशी भगवंतराव चपला काढताना दिसले. मी ओळ खोडून टाकली. काहून खोडली, हे स्वतःला विचारायलाही उसंत नव्हती.

त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. लहान पोरासारखे खूष झाले. "वा, प्रमिलाबाई! दसरा झाला का कायमची ऑर्डर तुमच्या हातात."

"साहेब, याची एक नक्कल टेपवर काढून ठेवू द्या. कोरी टेप तुमच्या कपाटात आहे."

"देतो ना दसऱ्यानंतर. कुठं पळून चालला तुमचा एडिटर?"

आमच्या गिरणीत दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. सगळी यंत्रं बंद करून, पुसून, हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. चालू यंत्राची पूजा करायची नाही, असा तिथला दंडक. त्या वर्षी कॉम्प्युटरचीही पूजा ठरली आणि भगवंतरावांनी मलाही यायला सांगितलं.

मी म्हटलं, "साहेब, दसऱ्याला आम्ही नागपूरला जातो. दीक्षाभूमीवर."

"अधा घंटा तर लागते पूजेले. करून जा."

"गाडी सकाळचीच आहे, साहेब. बाबांसोबत दरसाल जातो."

त्यांनी तोंड वाकडं केलं, पण जाऊ नका म्हणाले नाहीत. मी त्यांना समजावून सांगितलं, की हे यंत्र पंख्यासारखं खटका पाडून बंद करता येत नाही. ते आपलं लिहिणं आधी डोक्यात ठेवतं आणि सवडीनं डिस्कवर उतरवतं. त्याला आधी सांगावं लागतं, मग ते आवरतं, मग खटका. "मी आज संध्याकाळीच रीतसर बंद करून जाते."

"नाई नाई, पगाराचे कागद रात्रभर छापायचे आहेत. चालू राहू द्या."

तेव्हा मी जाताना मोठ्या अक्षरात लिहून यंत्राच्या कपाटावर समोरच कागद चिकटवला: खटका पाडू नये.

नागपूरचं काय सांगू! बाबांनी पांढराशुभ्र सदरा घातला होता. छप्पन सालापासून त्यांनी एक दसरा चुकवला नव्हता, आणि मला कळायला लागल्यापासून मीही नाही. गर्दीत ते माझा हात धरून चालायचे, डिप्लोमावाल्या मुलीचासुद्धा. ज्याला त्याला थांबवून सांगायचे, "माही पोरगी. कम्प्युटर चालवते." आणि मी लाजून त्यांची बाही ओढायची.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गर्दीनं गाडी उशिरा आली. मी पोचले तर कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात इलेक्ट्रिशियन नत्थूजी उभे. पंचावन्न वर्षांचा भला माणूस, पण माझ्याकडे बघेना.

"बाई, मले साहेबानं सांगतलं, यंत्र बंद कर. पूजा खोळंबली. मी खटका पाडला."

"आणि कागद? वाचला नाही?"

"वाचला ना. साहेबाले दाखवला बी. ते म्हणे काढ तो कागद, स्वस्तिक तिथंच काढा लागते."

कपाटावर, माझा कागद होता त्याच जागी, कुंकवाचं स्वस्तिक होतं. फार सुबक काढलेलं.

त्यातूनही वाचलं असतं. खटका पाडल्यावर असं यंत्र पुन्हा चालू केलं, की ते स्वतःची तपासणी करतं आणि प्रश्न विचारतं. ही फाइल मोडकी दिसते, काढून टाकू? हिचा धनी सापडत नाही, काढून टाकू? एकेका प्रश्नाचं उत्तर विचार करून द्यायचं असतं. पगाराची घाई होती, मी आले नव्हते, म्हणून सकाळी भगवंतराव स्वतः बसले. इंग्रजी प्रश्न पाहून गोंधळले आणि ऑफिसात साहेब करतात तेच त्यांनी केलं. यंत्र विचारत गेलं, हे हो म्हणत गेले.

पगाराच्या फाइली टेपवर होत्या, त्या परत आल्या. बिलं परत आली. पुतण्याची मूळ टेप तर कपाटात सुरक्षितच होती. गेलं ते फक्त माझं. नावांची फाइल, तिच्यातली सौंसरची ओळ, सगळ्या दुरुस्त्या, तयार झालेला एडिटर. सारं त्यांनी एकेक हो म्हणून काढून टाकलं होतं.

मला केबिनमध्ये बोलावलं. मी सगळं सांगितलं, आवाज चढवूनच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक सांगा. तुम्ही पूजेले राहिल्या असत्या, तर हे झालं असतं का?"

नसतं झालं. त्याचाच तर संताप होता! खटका त्यांनी पाडायला लावला, कागद त्यांनी काढायला लावला, टेप त्यांनी दिली नाही, आणि तरी या एका प्रश्नाला माझ्याजवळ दुसरं उत्तर नव्हतं.

"ऑर्डर टाइप करून ठेवली आहे," ते म्हणाले. "मी शब्दाचा पक्का आहे. फक्त दसऱ्याच्या पूजेले दरसाल राहीन, एवढं म्हणा. यंत्राजवळ जिम्मेदार माणूस पाहिजे."

"आदल्या दिवशी मी स्वतः बंद करून जात जाईन, साहेब. मग काहीच होणार नाही."

"तसं नाई. तुम्ही तिथं दिसल्या पाहिजे. मालक विचारून राहिले होते, ते बाई काहून नाई आली. मी काय धर्म सोडा म्हणून राहिलो का? अधा घंटा हात जोडून उभं राहाचं. उद्या सांगा."

त्या संध्याकाळी मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. राजीनामा तोंडावर फेकते म्हटलं. आणखीही बरंच बोलले, सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. बाबा बाजेवर बसून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "हाव म्हन."

"बाबा! तुम्ही म्हणता हे?"

"छप्पन साली मी गेलो, तवा मुकादम म्हने, जाशीन तर परत कामावर येऊ नोको. मी गेलो. कामून का माह्याजवळ गमवाले काईच नव्हतं. तुह्याजवळ हाय."

"आणि दसरा?"

"मी जाईन ना एकला. मले का रस्ता मालूम नाई?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी राजीनामा लिहिला असता आणि आम्ही दोघं ताठ मानेनं घरी बसलो असतो. त्यांनी ती वाटच ठेवली नाही. रात्री आई वाढत होती तर बाबा भूक नाही म्हणाले, आणि मी पोटभर जेवले, कारण मी नाही जेवले असते तर त्यांना कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी हो म्हटलं. भगवंतरावांनी ऑर्डर दिली, पेढे वाटले. कोरी टेप न मागता मिळाली. एडिटर तर माझ्या डोक्यात होता. तो मी दोन दिवसांत परत उभा केला, नावांच्या खाली सौंसरची ओळ पुन्हा जोडून. यंत्र कुठल्याच ओळीत बसत नव्हतं, तर त्याच्यासाठी मी नवी ओळ लिहिली. माझ्यासाठी तसं करायला त्या गिरणीत कोणी बसलेलं नव्हतं.

पुढच्या दसऱ्याला मी सकाळी लवकर जाऊन यंत्र रीतसर बंद केलं. त्यानं आवरलं, मग नत्थूजींनी खटका पाडला. मालक पांढुर्ण्याहून आले होते. माळ घातली, नारळ फुटला. ताट माझ्यासमोर आलं तेव्हा भगवंतराव म्हणाले, "यंत्र तुमचं आहे, प्रमिलाबाई. कुंकू तुम्हीच लावा."

मी बोट कुंकवात बुडवलं आणि तेवढ्यात छोट्या गाडीची शिटी झाली. रामाकोन्याहून येणारी, नागपूरला जाणारी. गिरणीच्या भिंतीमागून ती हळूहळू जाते. डबे भरलेले असणार, टपावरही माणसं असणार, आणि त्यात कुठंतरी पांढऱ्या सदऱ्यातला माझा बाप गिरणीच्या बाजूची खिडकी धरून बसलेला असणार. यंदा तो कोणाला थांबवून काय सांगणार होता!

"हात जोडा," कोणीतरी म्हणालं. मी कुंकू लावलं आणि हात जोडले. मालक माझ्याकडे बघत होते. गाडी दूर जाईपर्यंत मी तशीच उभी होते, त्यांना वाटलं भक्तीनं.

पूजा आटोपल्यावर खटका वर केला आणि यंत्र मीच चालू केलं. रीतसर बंद केलेलं होतं. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही.