बियाण्याचं वांगं

"शालिकभाऊ, बाहेर किती लोक हायेत?" पडद्यावरची नजर न काढता मंजुषानं विचारलं.

"अठ्ठावीस. काहून?"

"यंत्र बोलून नाई राहिलं."

माझ्या हातातली मातीची थैली तशीच राहिली. अमरावतीच्या आमच्या माती परीक्षण केंद्रात मी नमुने घेतो, चिठ्ठ्या लावतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारतो. मंजुषा संगणक सांभाळते. वलगावच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरची, शिक्षण बारावी. आमचं माती तपासायचं यंत्र जुनाट, ते बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. बाजारातल्या तयार संगणकांशी त्याचं जमेना. तेव्हा, अकरा वर्षांमागं, या पोरीनं लिनक्स या संगणक चालवणाऱ्या सिस्टिमची एक अशी जात हुडकून काढली, की तिच्यात प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्या मूळ फाइलींवरून आपल्याच मशीनवर बांधून घ्यायचा. दिवसदिवसभर पडद्यावर नुसत्या ओळी धावायच्या.

मी चिडवायचो, "बजारात तयार पोया भेटतेत, अन् तू गहू पेरून राहिली!"

"पेरलं म्हनून तं कशात काय हाय हे मले ठाऊक हाय, भाऊ," ती म्हणायची.

आमचे सचिव रामरावसाहेब यांना मात्र हा खटाटोप डोळ्यांत खुपायचा. मार्चमध्ये त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "एक दिवस जरी काम अडलं, तर हे सगळं काढून तयार सिस्टिम बसवीन." आणि आता तो दिवस उगवला होता. तोही मेच्या शेवटी, पेरणी तोंडावर आलेली असताना.

झालं होतं ते असं. डिस्क भरत आली, म्हणून शनिवारी मंजुषानं साफसफाई काढली. बांधून झालेल्या प्रोग्रॅमच्या मूळ फाइली एका जागी साठत जातात. नको असलेल्या एका आज्ञेनं पुसता येतात, आणि ज्यांना हात लावायचा नाही त्यांची यादी आधी करून ठेवावी लागते. त्या यादीत आमच्या यंत्राच्या प्रोग्रॅमचं नाव लिहायचं राहिलं. सोमवारी तिनं बाकीच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या बसवल्या. त्यामुळे यंत्राचा प्रोग्रॅम पुन्हा बांधावा लागणार होता, आणि मूळ फाईलच जागेवर नव्हती.

"इंटरनेटवरून घे ना मंग."

"कंपनीच नाई, तं कोन ठेवनार?"

"दुसरी कॉपी?"

"ठेवलीच नाई," ती म्हणाली. मी उठलो. "थांब. सर्व्हर डाउन हाय म्हनून सांगून येतो. सारं जग तेच सांगते."

"नका सांगू," ती म्हणाली आणि माझ्याआधी बाहेर गेली.

"दादा, आज रिपोर्ट भेटत नाई," तिनं रांगेला सांगितलं. "चूक माही हाय. बियाले ठेवलेलं वांगं म्या भाजीत टाकलं."

संगणकातलं कोणाला ओ की ठो कळत नव्हतं, पण हे सगळ्यांना कळलं. पुढं उभे असलेले खुशालराव म्हणाले, "मंग आता?"

"अकोल्याच्या आपल्या केंद्रात असंच यंत्र हाय. तिथून प्रोग्रॅम आनतो. उद्या अकरा वाजता या."

"अकरा म्हंजे अकरा?"

"अकरा."

दुपारच्या बसनं ती अकोल्याला गेली. मूळ फाईल तिथंही नव्हती; मशीनवर बसवलेल्या प्रोग्रॅमच्या फाइली तिनं एकेक गोळा केल्या, त्याला लागणारी जुनी फाईलही सोबत घेतली आणि सगळ्यांचं एक गाठोडं बांधलं. दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना खुशालरावांचा रिपोर्ट छापून बाहेर आला. मी टाळीच वाजवली. मंजुषा मात्र हसली नाही.

"हे वांगं खायले ठीक हाय, भाऊ. याच्यात बी नाई," ती म्हणाली. "चालन, पन पुन्हा बांधता येनार नाई. मूळ गेलं ते गेलंच." तिचे डोळे भरून आले होते.

रामरावसाहेबांनी लेखी खुलासा मागितला. मी मुरलेला माणूस. 'तांत्रिक अडचणीमुळे' अशी सुरुवात करून छान मसुदा तयार केला. तिनं त्यावर काट मारली आणि खाली लिहिलं: फाईल मी पुसली. दुसरी प्रत ठेवली नव्हती. मूळ फाईल आता परत मिळणार नाही.

तो कागद मीच वर घेऊन गेलो. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"हे तिनंच लिहिलं?"

"हो साहेब. म्या लय समजावलं."

"बावीस वर्षं झाली मला या खुर्चीत. अडचणी ढिगानं आल्या. 'मी केलं' म्हणणारा हा पहिलाच कागद." त्यांनी पेन उघडलं आणि कोपऱ्यात लिहिलं: अशा फाइलींच्या दोन प्रती ठेवाव्यात, एक अकोल्यास. सही केली. सिस्टिम काढण्याबद्दल एक अक्षरही नाही. जिना उतरताना मला असा अभिमान वाटत होता, जसा काही तो कागद मीच लिहिला होता.

दुपारी दर्यापूरचे डोमाजी आले. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, घामाघूम होऊन. त्यांचा नमुना आठ दिवसांपासून सापडत नव्हता. अशा वेळी आजवर मी 'यंत्रात अडकला' असं सांगत आलो. तेच जिभेवर आलं, आणि अडलं.

"बावा," मी म्हणालो, "तुमची थैली माह्या हातून हरवली."

डोमाजींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "हरवली तं हरवली. दुसरी माती आनतो. वावर कुठी पयून चाललं?"

मंजुषानं मान वर केली नाही. तिनं फक्त एक कोरी थैली टेबलावरून माझ्याकडे सरकवली, आणि मी तिच्यावर डोमाजींचं नाव लिहायला घेतलं.