भागीबाईचा पंप आणि बाजारच्या दिवशीची शर्यत

मित्रांनो, मी एक जुना हवेचा पंप आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी वैतागलेला आहे. आत्मवृत्त म्हटलं की गोडगोड ऐकायला मिळेल असं वाटून बसला असाल, तर आत्ताच उठा.

नाशिकच्या एका लहानशा कारखान्यात मी घडलो. पितळेची नळी, लाकडी मूठ आणि पोटात चामड्याचा वाटीसारखा वायसर. हा वायसर म्हणजे माझा जीव. तो तेलाने मऊ असला की हवा खाली टायरमध्ये जाते. तो सुकला की हवा माघारी वर येते आणि भरणारा नुसता धापा टाकतो. पंधरा दिवसांतून चार थेंब तेल, एवढंच माझं मागणं. सोन्याचा मुलामा मागितला नव्हता मी!

हरसूलला भागीबाईच्या पंक्चरच्या दुकानात माझी उमेदीची वर्षं गेली. मास्तरांच्या सायकली, पोस्टमनची सायकल, शाळेतल्या पोरींच्या सायकली, सगळ्यांना मीच हवा दिली. “भागीबाईच्या पंपाची हवा आठवडाभर उतरत नाय,” असं लोक म्हणायचे. ऐकून माझ्याही डोक्यात थोडी हवा गेली होती, खोटं कशाला बोलू?

मग गावात फटफट्या झाल्या आणि दुकानात कॉम्प्रेसर आला. बटण दाबलं की भर्रर्र. मी कोपऱ्यात गेलो तो गेलोच. दोन वर्षं तेलाचा थेंब नाही. माझ्या मुठीवर भागीबाई ओला फडका वाळत घालायची. अरे, मी पंप आहे की वाळवणाची दोरी?

गेल्या हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी, भंगारवाला बुधा आला. भागीबाईने मला उचलून त्याच्या पोत्यात टाकलं. “हे बी घेऊन जा. हवा धरत नाय मेलं.”

धरत नाय! बाई, तेल घातलंस का कधी? पण मला तोंड आहे ते हवेपुरतं. बोलणार कसा?

त्याच दिवशी बायकांची मोठी सायकल शर्यत होती, नाशिक ते हरसूल आणि परत नाशिक. कोणा शहाण्याने दिवस ठरवला कोण जाणे! कॅलेंडरात एकादशी बघता, चतुर्थी बघता, हरसूलचा बाजार बघायला काय होतं? रस्त्यावर शेळ्या, टेम्पो, टोपल्या आणि त्यातून सुसाट सायकली. बायाबापड्या ओरडत बाजूला झाल्या, आणि बुधाही पोतं घेऊन दुकानासमोरच अडकला. सायकलींचा घोळका निघून गेला आणि दोन मिनिटांनी एक मुलगी खांद्यावर सायकल घेऊन, बुटांचा टकटक आवाज करत दुकानात शिरली.

“मावशी, पुढचं चाक पंक्चर आहे. लवकर होईल का?”

“सुटी चाकं घेऊन तुमची जीप नाय का मागं?”

“बाजारात अडकलीय. आमचे धनराज सर तिकडे शेळ्यांच्या मागे हॉर्न वाजवत बसलेत.” ती रडवेली झाली होती. “पहिली मुलगी पोचल्यापासून वीस मिनिटांत मी नाशिकला पोचले नाही, तर बाद. निकालात नावसुद्धा येत नाही. आधी दोनदा झालंय असं. आता झालं तर संघातून काढतील.”

तिचं नाव साक्षी, गाव सायखेडा. भागीबाईने भराभर टायर उतरवला, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधला आणि ठिगळ लावलं. ते वाळेपर्यंत गप्प बसेल तर ती भागीबाई कसली?

“पण चाक एवढं खराब झालंच कसं?”

“हे माझं नाही, मंजुषाताईचं आहे. तिचं पंक्चर झालं, म्हणून मी माझं चाक काढून तिला दिलं.”

“आपलं चांगलं चाक दिलंस? डोकं फिरलंय का तुझं?”

“तेच माझं काम आहे, मावशी. आम्ही संघात सहा जणी, पण जिंकायचं ताईने. बाकीच्या पुढे राहून वारा अंगावर घेतो, ती आमच्या आडोशाने येते. पाण्याच्या बाटल्या मी आणते. याचाच पगार मिळतो मला. पहाटे उठायचं, शंभर-सव्वाशे किलोमीटर मारायचे, भातसुद्धा वजन करून खायचा. दिवाळीला मी एकच करंजी खाल्ली, तर आई दोन दिवस बोलली नाही.”

“म्हणजे राबायचं तू नि हार तिच्या गळ्यात! कसली गं ही रीत?”

साक्षी हसली. मी मात्र पोत्यात चडफडलो. जन्मभर मीही दुसऱ्यांना हवा दिली आणि ते निघून गेले. पण मला निदान त्यांच्याबरोबर घाट चढावा लागला नव्हता!

ठिगळ वाळलं, टायर चढला. भागीबाईने ऐटीत कॉम्प्रेसरचं बटण दाबलं आणि नळी ट्यूबच्या वॉलला लावली. फुस्स! शर्यतीच्या सायकलीचा वॉल बारीक, कॉम्प्रेसरचं तोंड मोठं. पुन्हा लावली, पुन्हा फुस्स. साक्षी मटकन पायरीवर बसली. “गेलं. सगळं गेलं.”

भागीबाईने वॉलवर बोट फिरवलं. “थांब गं. हा तर जुन्या सायकलीच्या वॉलएवढाच बारीक हाय!” आणि ती ओरडत रस्त्यावर धावली. “बुधा! पोतं खोल!”

“दिलेलं माघारी घेत्यात व्हय?”

“गप! आधी पंप काढ!”

मी बाहेर आलो. साक्षीने वॉलच्या टोकाची बारीक चकती सैल केली आणि माझं तोंड बरोब्बर बसलं. भागीबाईने मूठ दाबली. खर्र... खर्र... सगळी हवा माघारी वर.

“मेला! ऐन वख्ताला दगा दिला!”

मी दगा दिला? मी? संतापाने माझं पितळ तापलं. पण भागीबाईचा हात थांबला. ती हळूच म्हणाली, “चूक माझीच हाय. दोन वर्सांत तेल कुठं घातलं ह्याला?”

तिने घरातली खोबरेलाची बाटली आणली, माझी मूठ खोलून वायसरवर धार धरली आणि बोटाने चोळून चोळून मुरवली. मित्रांनो, दोन वर्षांनी तेल! मी सगळा राग विसरलो. थोडाच वेळ, पण विसरलो. मग दोघींनी आळीपाळीने मूठ दाबली आणि मी होतं नव्हतं ते बळ लावलं. टायर टणक झाला. साक्षीने चाक बसवलं आणि ती सुटली. आभार मानायचे राहिले. राहू देत, तिला वेळ कुठे होता?

भागीबाईने मला पोत्यात टाकलं नाही. पण साक्षी पोचली की नाही, हे कोणी कळवावं की नाही? छे! दोन दिवस मी कोपऱ्यात जळफळत होतो.

तिसऱ्या दिवशी भज्यांच्या पुडीचा कागद आला. त्यावर हार घातलेल्या मंजुषाताईचा मोठा फोटो होता. बातमीत तिचं कौतुक, पाहुण्यांची भाषणं, फेट्यांचे रंगसुद्धा! आणि जिच्या चाकावर ती जिंकली, तिच्याबद्दल अक्षर नाही. “जळलं मेलं लक्षण!” भागीबाई कडाडली. मग साक्षीचं बोलणं आठवून तिने कागद गुडघ्यावर सपाट केला आणि निकालाच्या यादीवर अगदी खाली बोट ठेवलं. एकेक अक्षर लावत तिने वाचलं, “सा-क्षी. सा-य-खे-डा.”

शेवटचं नाव. पण यादीत होतं.

“शेवटून पहिली आली गं माझी पोर!” म्हणत भागीबाईने पदराने डोळे पुसले. मग उठून, कोणी न सांगता, तिने माझ्या वायसरवर चार थेंब तेल सोडलं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद धूळ खात पडला असेल तर त्याला तेल द्या. आणि शर्यतीचा निकाल हातात आला की एकदा खालूनही वाचत जा.