मास्तरांचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी लांबच्या प्रवासालाही शिकवणीचीच गाडी काढली होती. तिला स्टिअरिंग एक, पण ब्रेक दोन. दुसरा मास्तरांच्या पायाखाली. तीन दिवस गाडी बायको चालवत होती आणि तिने जरा वेग धरला की मास्तरांचा पाय पडलाच म्हणून समजा.

चौथ्या दिवशी रस्त्याकडेला पाळण्यांचं पार्क लागलं. तिने हट्टाने गाडी आत घेतली आणि थेट टकरीच्या गाड्या गाठल्या. मास्तर सवयीने शेजारी बसले. भोंगा वाजला आणि तिने समोर दिसेल त्याला धडक द्यायचा सपाटा लावला. बावीस वर्षांच्या संसारात ती इतकी हसली नव्हती. मास्तर मात्र घामाघूम होऊन नुसत्या पत्र्यावर पाय आपटत होते.

"अहो, राहू द्या की," ती म्हणाली. "इथे तुमच्या पायाखाली काही नाही."

पार्कमधून निघताना ती गुणगुणतच गाडीत बसली. किल्ली फिरवली, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीने आचका दिला आणि ती जागीच बंद पडली.

तिने शेजारी पाहिलं. मास्तरांनी अजून सीटबेल्टही लावला नव्हता. पाय तेवढा ब्रेकवर होता.